चव म्हणजे खाणं नव्हे

भट्टीघरात एकच पाटी होती. 'येथे खाण्यास सक्त मनाई आहे.' लाल अक्षरं, एकेक अक्षर वीतभर. आणि बरोब्बर त्या पाटीखाली, स्टीलच्या टेबलाशी, गेली सव्वीस वर्षं एक बाई बसून बिस्किटं चावत होती.

यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं. तिलाही नाही. कारण ती खात नव्हती, चव घेत होती. खाणं म्हणजे जेवणाच्या सुट्टीत, हात धुऊन, डबा उघडून, दोन गप्पा मारत. चव घेणं म्हणजे काम. दोन्ही गोष्टी तोंडानेच होतात, हा निव्वळ योगायोग.

कारखान्यात तिला चवताई म्हणत. भट्टीतून सरकत येणाऱ्या पट्ट्यावरची तीन बिस्किटं दर अर्ध्या तासाला तिच्यापुढे यायची. एक डाव्या कडेचं, एक मधलं, एक उजव्या कडेचं. ती आधी रंग बघायची, मग मोडून आवाज ऐकायची, मग प्रत्येकाचा एक घास. रंगासाठी टेबलावर सात तपकिरी चौकोनांचं कार्ड चिकटवलेलं होतं. पहिला चौकोन कच्च्या पिठासारखा, सातवा काळवंडलेला. बिस्कीट चौथ्यात बसलं पाहिजे. मग ती मान न वळवता म्हणायची, "मामा, उजवीकडे जरा आच जास्त," आणि पलीकडे भट्टीच्या चाव्यांपाशी उभे असलेले भट्टीमामा एक चावी नखभर फिरवायचे. वीस वर्षं दोघांचं असं चाललं होतं. संसारात नवरा-बायकोचंही इतक्या कमी शब्दांत भागत नाही.

पण गेल्या वर्षभरात चवताईच्या डोळ्यांवर साय धरल्यासारखं झालं होतं. चौथा चौकोन आणि पाचवा चौकोन एकमेकांत मिसळायला लागले. तिने कुणाला सांगितलं नाही. जीभ शाबूत आहे ना, मग झालं, असं स्वतःला समजावत राहिली. मग एके दिवशी नोटीस लागली की वर्षअखेरीला तपासणी विभागातल्या सगळ्यांची नजर तपासणार. तेव्हा मात्र तिच्या तोंडचं पाणी पळालं आणि ती डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेली.

"दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू," डॉक्टर म्हणाले. "ऑपरेशन सोपं आहे. अवघड आहे ती तुमची साखर. तीन महिन्यांची सरासरी नऊ पूर्णांक दोन. ती आठच्या खाली आणा, मग मी डोळ्याला हात लावतो."

"आणि नाही आली तर?"

"तर वाट बघू."

वाट बघायची म्हटली तरी डोळे लागतात, असं चवताईच्या ओठांवर आलं होतं. पण डॉक्टरांना विनोद सांगू नये, ते तो कागदावर लिहून घेतात.

डॉक्टरांनी तिला त्याच इमारतीतल्या आहारवाल्या मॅडमकडे पाठवलं. मॅडम म्हणजे पोरीच्या वयाची पोर, सर्दीने नाक लाल झालेलं, टेबलावर रुमालांचा ढीग. चवताई मनाची तयारी करून गेली होती. आता ही सगळं बंद करणार, उरलेलं आयुष्य पाल्यावर काढावं लागणार.

"बंद काही करायचं नाही, काकू," मॅडम शिंकून म्हणाली. "फक्त रांग बदलायची."

"कसली रांग?"

"ताटातली. आधी भाजी, काकडी, काय कच्चं-शिजलं असेल ते. मग अंडं, कडधान्यं, दही. भात किंवा पाव सगळ्यात शेवटी. पोटात आधीच गर्दी असली ना, की साखर धक्काबुक्की करत रक्तात शिरत नाही. हळूहळू शिरते."

चवताईला हे पटलं. बसमध्ये कसं चढावं, याबद्दल तिच्या घरात कायम चर्चा असायची. ती का, ते पुढे येतंच.

मॅडमने आणखी चार गोष्टी सांगितल्या. सकाळी उपाशीपोटी नुसत्या चहावर राहू नका. फळ चावून खा, रस काढून पिऊ नका, आणि फळासोबत मूठभर शेंगदाणे असू देत. एका जेवणाला दांडी मारून दुसऱ्यावर तुटून पडू नका. जेवल्यावर पंधरा मिनिटं चाला, रमतगमत चाललं तरी चालेल. आणि जे जे खाल ते वहीत लिहा. बोट टोचून साखर मोजायचं यंत्र आहे ना? सकाळचा आकडा आणि अकराचा आकडा, तेही लिहा.

"काम काय करता?"

"कारखान्यात असते. तपासणी विभाग."

"बसून की उभ्याने?"

"बसून."

मॅडमने लिहिलं, 'बैठं काम', आणि पुन्हा शिंकली.

चवताईच्या घरी दोनच माणसं. एक ती आणि दुसऱ्या वन्सं. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. त्याची ही थोरली बहीण मागे राहिली, वारशात मिळालेल्या कपाटासारखी, जड आणि हलवता न येणारी. वन्संनी लग्न केलं नव्हतं. तीस वर्षं त्यांनी बसमध्ये तिकिटं तपासली होती. बिनतिकीट माणूस म्हणे त्या त्याच्या मानेवरून ओळखायच्या. निवृत्त झाल्या तरी नजर निवृत्त झाली नव्हती, आणि जिभेला तर मुळातच हाड नव्हतं.

"रांग बदलायची?" वन्सं म्हणाल्या. "एवढंच? मग मी लावते रांग. बघतेच भात मध्ये कसा घुसतो ते."

आणि खरंच लावली. दुसऱ्या दिवसापासून वन्संनी स्वयंपाकघराचा ताबा घेतला. ताटात आधी भाजी वाढायची, ती संपेपर्यंत भाताच्या पातेल्यावर हात ठेवून बसायच्या. "संपली? जीभ दाखव. हं, आता अंडं." स्वतःही तेच खायच्या, तक्रार करत. "तुझ्या साखरेपायी मला या वयात गवत." पण काकडी चवताईला जाड चकत्यांची आवडते म्हणून जाडच चिरायच्या, हे चवताईच्या लक्षात आल्याशिवाय राहिलं नाही. रात्रीचं जेवण त्यांनी आठवरून साडेसातवर आणलं आणि जेवण झालं की चपला घालून दारात उभ्या. गल्लीच्या टोकाच्या शिंप्याच्या दुकानापर्यंत जायचं आणि यायचं. बरोबर पंधरा मिनिटं, वन्सं घड्याळ बघायच्या.

वहीत चवताई मनापासून लिहायची. तिचं शिक्षण बेताचं, पण कामामुळे नोंदी करायची सवय होती. 'सकाळी ७. एक उकडलेलं अंडं. अर्धी काकडी. पावाचा एक तुकडा, कडेचा. चहा बिनसाखरेचा (वाईट).' पुढच्या आठवड्यात, 'चहा बिनसाखरेचा (बरा).' महिन्याभराने नुसतंच, 'चहा.'

आणि फरक पडत होता. दुपारी तीनच्या सुमाराला तिला जी ग्लानी यायची, टेबलावर डोकं ठेवावंसं वाटायचं, ती कमी झाली. सकाळचा आकडा एकशे साठवरून एकशे अठरावर आला. वन्संनी तो कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिला आणि त्याच्याभोवती गोल काढला.

पण अकराचा आकडा ऐकेना. कारखान्याच्या आरामखोलीत चवताई रोज बोट टोचायची आणि रोज दोनशे वीस, दोनशे तीस, एकदा तर दोनशे पन्नास. अडीच महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं. तीन महिन्यांची सरासरी आठ पूर्णांक नऊ. इतकं करून नखाएवढा फरक.

मॅडमने वही पुढून मागे आणि मागून पुढे वाचली.

"काकू, सकाळी सातला एकशे अठरा. अकराला दोनशे तीस. मध्ये काय होतं?"

"काही नाही. काम."

"कामावर काही खाता? चहाबरोबर वगैरे?"

"तिथे खायला मनाई आहे," चवताई ताठ मानेने म्हणाली. "पाटीच लावलीय."

मॅडम जरा घुटमळली. "वहीत लिहायचं राहून गेलं, असं काही?"

चवताईचे कान गरम झाले. सव्वीस वर्षं जिच्या शब्दावर मणामणाने माल बाहेर जातो किंवा परत जातो, तिला कुणी असं विचारावं? ती वही उचलून घरी आली.

घरी पाहते तर वन्संनी तिची कामाची पिशवी पलंगावर उलटी केली होती. रुमाल, चष्म्याचं घर, किल्ल्या, शेंगदाण्यांची डबी, सगळं एका ओळीत मांडलेलं.

"हे काय?"

"तपासणी," वन्सं म्हणाल्या. "आकडा बिनतिकीट चढतोय, वहिनी. कुठल्या तरी थांब्यावर चढतोय. मी घरातले सगळे डबे बघितले. आता तूच सांग."

"तुमच्या भावाने कधी माझ्या पिशवीत हात घातला नाही."

"तो भोळा होता. म्हणून तर मला ठेवून गेला."

चवताई एक शब्द बोलली नाही. दोन दिवस बोलली नाही. जेवण रांगेनेच होत होतं, पण मुक्याने. संध्याकाळच्या फेरीलाही दोघी जात होत्या, पण चवताई पुढे आणि वन्सं दहा पावलं मागे. शिंप्याने विचारलं, "आज दोन ट्रिपा का?"

रात्री अंथरुणावर चवताईला रडू आलं ते अपमानाचं नव्हतं. तिने खोटं काही केलं नव्हतं आणि तरी आकडा खोटं बोलत होता. वर्षअखेरीला पाच महिने उरले होते. ते चौकोन असेच एकमेकांत मिसळत जाणार, आणि एक दिवस कुणीतरी गोड बोलून तिला त्या टेबलावरून उठवणार.

तिसऱ्या दिवशी दहाच्या फेरीला भट्टीघराच्या काचेपलीकडे कुणीतरी उभं दिसलं. तो पाहुण्यांचा बोळ होता. अधूनमधून शाळेची मुलं, कधी मोठे ग्राहक येऊन काचेतून बघून जायचे. चवताईला नुसता एक करडा आकार दिसला, कमरेवर हात ठेवलेला. मोठं माणूस दिसतंय, ती मनात म्हणाली, आणि पाठ सरळ करून बसली. रंग बघताना बिस्कीट उजेडाकडे धरलं. मोडताना कानाशी नेलं. घास डोळे मिटून चावला, शांतपणे, अगदी शेवटच्या कणापर्यंत. पाहुण्यांना काम कसं असतं ते दिसलं पाहिजे. साडेदहाला पुन्हा. अकराला पुन्हा. साडेअकराला तर तिने मधल्या बिस्किटाचा दुसरा घास घेतला, खात्री करण्यासाठी.

जेवणाची सुट्टी झाली. ती फाटकापाशी आली तर तो करडा आकार तिथे उभा. हातात तिचा डबा.

"वन्सं? तुम्ही?"

"डबा राहिला होता," वन्सं म्हणाल्या. मग त्यांच्यातला तिकीट तपासनीस खोटं सहन करू शकला नाही. "राहिला नव्हता. मीच पिशवीतून काढून ठेवला. मला आत यायला कारण हवं होतं."

"म्हणजे हेर म्हणून आलात."

"हो. ते राहू दे. तू दोन तासांत तेरा घास खाल्लेस."

"मी? काही खाल्लं नाही! पाण्याचा घोटसुद्धा..."

"बिस्किटं, वहिनी."

"ती चव होती."

वन्सं तिच्या जवळ आल्या. आवाज नेहमीपेक्षा खूप खाली आला. "गिळलीस की नाही?"

फाटकातून माणसं जेवायला बाहेर पडत होती. कुणीतरी चवताईला नमस्कार केला, तिला दिसला नाही. तिने वळून भट्टीघराच्या दाराकडे पाहिलं. आतली पाटी इथून तिला वाचता येत नव्हती, पण वाचायची गरजच नव्हती, पाठ होती.

"गिळली," ती म्हणाली.

आठ तास, पंधरा फेऱ्या, फेरीला तीन घास. वन्संनी बोटांवर हिशेब केला. "रोजची पंधरा-सोळा बिस्किटं होतात गं. आणि मी वेडी तुझ्या भाताच्या पातेल्यावर हात ठेवून बसते!"

"तुम्हाला तरी माहीत होतं ना मी काय करते ते?"

"मला वाटायचं जिभेच्या टोकाला लावत असशील. मीठ बघतो तसं. मला काय माहीत तू अशी ऐसपैस बसून, डोळे मिटून..."

"ते तर पाहुण्यांसाठी होतं!" चवताई म्हणाली, आणि मग तिला हसू फुटलं. आधी थोडं, मग असं की फाटकाचा गज धरावा लागला. वन्संही हसल्या, तोंडावर पदर धरून. पहारेकरी खुर्चीवरून उठून उभा राहिला. हसता हसता चवताईच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्यातलं थोडं हसण्याचं नव्हतं. चोर सापडला होता. तो तिच्याच खुर्चीत बसला होता, पण तो चोर नव्हता, याचंच तिला हायसं वाटत होतं.

"पिशवीत हात घातला, ते चुकलंच माझं," वन्सं म्हणाल्या. "गादीखाली बघितलं, तेही."

"गादीखालीसुद्धा?"

"उशीच्या खोळीतही. जेव आता. आधी भाजी."

मॅडमला सांगितलं तेव्हा तिने दोन्ही हातांत डोकं धरलं. सर्दी बरी झालेली होती, तरी नाक लाल झालं. "काकू, चूक माझी. मी विचारलं बसून की उभ्याने. काय तपासता, हे विचारलंच नाही. मला वाटलं, तुम्ही मशीनचे पार्ट तपासता."

चवताईला ती पोर त्या क्षणी फार आवडली. चूक झाल्यावर टेबलाच्या त्या बाजूची माणसं सहसा टेबलाच्या या बाजूला बोट दाखवतात.

उपाय सोपा होता आणि म्हणूनच अवघड. चावायचं, चव घ्यायची, आणि थुंकायचं. मग पाण्याने चूळ. चहाची पारख करणारे लोक असंच करतात, मॅडम म्हणाली. आणि अगदी खावंसं वाटलंच, तर एक बिस्कीट जेवणाच्या शेवटी, भरल्या पोटी. रिकाम्या पोटी नाही. "आणि काकू, गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांना आधी भेटा. साखर एकदम कमी झाली तर तीच गोळी जास्त होईल." चवताईने मान हलवली आणि ठरवलं की पुढच्या आठवड्यात जाऊ. ही तिची त्या वर्षातली दुसरी चूक.

वन्संनी झाकणाचा एक पांढरा मग दिला. दुसऱ्या दिवशी दहाच्या फेरीला चवताईने तो टेबलाखाली ठेवला, भट्टीकडे पाठ केली, घास चावला, डावीकडे जरा कच्चट आहे हे तिला कळलं, आणि मग सव्वीस वर्षांत पहिल्यांदा तिने बिस्कीट थुंकलं.

मागे खटकन आवाज झाला. पट्टा थांबला. सगळं भट्टीघर एकदम इतकं शांत झालं की छताचे पंखे ऐकू यायला लागले.

भट्टीमामा तिच्या टेबलाशी आले. त्यांचा चेहरा तिला नीट दिसत नव्हता, पण त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"ताई, काय पडलं त्यात? लोणी खवट निघालं का? मी सगळा घाणा फेकतो. आत्ता फेकतो."

"अहो मामा, नाही! बिस्कीट चांगलंय."

"मग थुंकलात का?"

झालं. झाकायचं होतं तेच पट्टा थांबवून सगळ्यांसमोर उघडं पडलं. चवताईने सांगून टाकलं. साखर, अकराचा आकडा, डोळे, ऑपरेशन, सगळं. शेवटी खाली मान घालून म्हणाली, "तुमचं बिस्कीट थुंकायचं म्हणजे माझ्या जिवावर येतं, मामा. आणि तुम्हाला माहीत नाही, गेलं वर्षभर मला चौथा-पाचवा चौकोन नीट कळत नाहीये."

मामांनी कार्डावरचा भुगा बोटाने झटकला. "माहीत आहे की."

"काय माहीत आहे?"

"तुम्ही 'चार' म्हणता आणि बिस्कीट पाचातलं असतं, तेव्हा मी गुपचूप आच कमी करतो. आठ महिने झाले. चव तुमची कधीच चुकली नाही, ताई. रंगाचं तेवढं मी बघून घेत होतो. म्हटलं, सांगून कशाला मन दुखवा." मग त्यांनी तो मग टेबलाखालून उचलून टेबलावर ठेवला, कार्डाच्या शेजारी, सगळ्यांना दिसेल असा. "हा इथेच असू दे. कामाची वस्तू आहे." आणि जाऊन पट्टा सुरू केला.

त्या दिवशी चवताईने वहीत खाण्याच्या नोंदींखाली एक ओळ लिहिली, जी मॅडमने मागितली नव्हती. 'मामांनी आठ महिने सांभाळलं. मला कळलं नाही.'

पुढच्या चार दिवसांत अकराचा आकडा दीडशेवर आला. पाचव्या दिवशी, साडेअकराच्या फेरीला, चवताईचे हात थरथरायला लागले. घाम फुटला. सात चौकोनांचे चौदा झाले. तिने यंत्र काढून बोट टोचलं. बासष्ट.

"मामा," एवढंच ती म्हणाली.

भट्टीमामांना मुलगी होती, तिला लहानपणापासून इन्सुलिन लागायचं. त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. पन्नाशी उलटलेला तो माणूस साखरेच्या कोठाराकडे धावत गेला आणि धावत आला. ओंजळीत साखर. ग्लासात पाणी घेतलं, तीन चमचे टाकले, बोटानेच ढवळलं. "प्या. सगळं प्या." चवताई प्यायली. वीस मिनिटांनी आकडा पंच्याण्णव झाला आणि हात आपल्या जागी आले. मग मामांनी तिला तिच्याच डब्यातलं अंडं समोर बसून खायला लावलं. पाटीखाली. कुणी काही म्हटलं नाही.

"बघा," चवताई कसंबसं म्हणाली, "साखर सोडण्यासाठी एवढा आटापिटा, आणि वाचवलं कुणी? साखरेनंच."

"शहाणपणा घरी जाऊन करा. आजच डॉक्टरकडे जायचं," मामा म्हणाले. त्यांचा आवाज अजून धाप लागल्यासारखा होता.

गोळ्यांचे डॉक्टर रागावले आणि त्यांनी गोळी अर्धी केली. घरी वन्सं रागावल्या, त्यांनी काहीच अर्धं केलं नाही. पण त्या रात्री ताट वाढताना त्यांनी रांग विसरून आधी भात वाढला, आणि चवताईने तो बघितला नाही असं दाखवलं. मोतीबिंदूचा तेवढा तरी उपयोग.

त्यानंतरचे तीन महिने सांगण्यासारखे नाहीत, कारण त्यात काही घडलं नाही. रोज तीच रांग, तोच मग, तीच फेरी. दुपारी जेवणानंतर चवताई कारखान्याच्या आवाराला चार चकरा मारायची. मामा यायला लागले, मग पॅकिंगच्या दोघी. चालता चालता पॅकिंगवाल्या आपापल्या सुनांबद्दल बोलायच्या, त्यामुळे चकरा चाराच्या पाच व्हायच्या.

रक्ताचा कागद आला तो वन्संनीच वाचला. दोनदा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला.

"सात पूर्णांक तीन."

चवताई खुर्चीत बसली. तिने वन्संचा हात घेतला आणि स्वतःच्या गालाला लावला. हाताला काकडीचा वास येत होता.

"पुरे," वन्सं म्हणाल्या, पण हात काढून घेतला नाही.

पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन वीस मिनिटांत झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी पट्टी काढली तेव्हा समोर वन्सं उभ्या होत्या. चवताईने डोळा उघडला, मिटला, पुन्हा उघडला. कपाळावरच्या रेषा, हनुवटीवरचा तीळ, डोळ्यांखाली रात्रभर न झोपल्याची काळी वर्तुळं, सगळं धुऊन ठेवल्यासारखं स्वच्छ.

"अगबाई, वन्सं! तुम्ही किती म्हाताऱ्या झालात!"

"भाताच्या पातेल्यावर हात ठेवून बसल्याने होतं असं," वन्सं म्हणाल्या आणि खिडकीकडे तोंड करून बराच वेळ नाक शिंकरत राहिल्या.

दुसरा डोळा महिन्याने झाला. नजर तपासायला आलेल्या माणसाने चवताईला लांबची अक्षरं वाचायला सांगितली, तेव्हा तिने तक्ता वाचलाच, शिवाय त्याच्या मागच्या भिंतीवरची पाटीही वाचून दाखवली. तो हसला आणि कागदावर सही करून गेला.

त्या दिवशी दुपारच्या सुट्टीआधीच्या फेरीला तीन बिस्किटं समोर आली. चवताईने ती कार्डाशेजारी ठेवली. चौथा चौकोन चौथा होता, पाचवा पाचवा होता, आणि मध्ये एक रेघ होती, केसासारखी बारीक, जी तिला वर्षभर दिसली नव्हती. तिन्ही बिस्किटं चौथ्यात. तिने तीन घास चावले, मगात टाकले, चूळ भरली. "मामा, बरोबर आहे," ती म्हणाली. आणि मग मधल्या ओळीचं एक अख्खं बिस्कीट तिने कागदात गुंडाळून डब्याशेजारी ठेवलं.

आवारात भाजी झाली, अंडं झालं, दही झालं. मग तिने तो कागद उलगडला. भट्टीमामा शेजारच्या बाकावर आपला डबा पुसत होते. तिने बिस्कीट मोडलं, आवाज ऐकला, आणि अर्धं त्यांच्यापुढे धरलं.

मामांनी हात मागे घेतला. "नको, नको. मी आजवर कधी घेतलं नाही."

"कधीच नाही?"

"आत खायला मनाई आहे ना." ते अगदी साधेपणाने म्हणाले. "आणि बाहेर न्यायचं कसं, कुणाला विचारायचं? तुम्ही सांगत होता, आच जास्त, आच कमी. माझं भागत होतं."

वीस वर्षं. या माणसाने रोज हजारो बिस्किटं भाजली आणि त्यांची चव त्याला फक्त तिच्या तोंडून कळली होती. पाटी एकच होती. तिने एका अर्थाने वाचली, त्यांनी दुसऱ्या. तिने अर्धं बिस्कीट त्यांच्या तळहातावर ठेवलं आणि बोटं मिटवली.

"हे आत नाही, मामा. हे बाहेर आहे. आणि ही चव नाही. खा."

मामांनी खाल्लं. सावकाश, समोर बघत. चवताई त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. आता दिसत होता, भाजल्याच्या जुन्या खुणांसकट.

"बरं झालंय की," शेवटी ते म्हणाले, थोडं नवल वाटून.

"मी कधीपासून सांगतेय."

मग तिने आपलं अर्धं खाल्लं, गिळलं, वही काढली आणि स्वच्छ दिसणाऱ्या ओळीवर लिहिलं, 'दुपारी १ वा. जेवणानंतर. अर्धं बिस्कीट, मधल्या ओळीचं. खाल्लं.' वही मिटून पिशवीत ठेवली. पॅकिंगच्या दोघी हात हलवून बोलावत होत्या. चार चकरा बाकी होत्या.